तांबडं फुटताना ढग काय करतात?

“ताई, काल असं का नव्हतं?”

आमच्या इमारतीचे रखवालदार काका पहाटे टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर येतात. त्या वेळी चहाचा कप घेऊन मीही तिथेच असते. ऑक्टोबरचा मध्य होता. पुण्यात सूर्य उगवायला अजून जवळजवळ पाव तास बाकी होता आणि डोक्यावरचं आभाळ पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत गुलाल उधळल्यासारखं झालं होतं. काका मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी हा प्रश्न विचारला.

प्रश्न अगदी नेमका होता. उगवताना आभाळ लाल का होतं, हे आपण शाळेत कधीतरी वाचलेलं असतं. पण सूर्य रोजचाच, हवा रोजचीच, मग आज आभाळ पेटतं आणि काल नुसतं फिकट पिवळं होऊन उजाडलं, असं का? पावसाळा सरला की दरवर्षी अशा पहाटांचे फोटो फोनवर फिरू लागतात. सोबत तर्कही येतात. कुणी म्हणतं चक्रीवादळ येतंय, कुणी म्हणतं प्रदूषण वाढलंय, कुणाला भूकंपाची चाहूल लागते. उत्तर खरं तर ढगांत आहे. डोक्यावर कोणता ढग आहे हे महत्त्वाचं, आणि शेकडो किलोमीटर पूर्वेला कोणता ढग नाही, हेही तितकंच महत्त्वाचं.

## निळा आधी उतरतो

सूर्याच्या पांढऱ्या उजेडात जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे रंग असतात. हा उजेड हवेतून येताना हवेच्या रेणूंवर आदळून इकडेतिकडे विखुरतो. पाठ्यपुस्तकात याला विकिरण म्हणतात, आपण इथे विखुरणंच म्हणू. सगळे रंग सारखे विखुरत नाहीत. निळा उजेड तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरतो. दिवसा आभाळ निळं दिसतं ते या विखुरलेल्या निळ्यामुळेच.

लांब पल्ल्याची एसटी डोळ्यांसमोर आणा. गाडीत सगळ्या रंगांचे प्रवासी आहेत, पण निळे प्रवासी पहिल्या थांब्यापासूनच उतरायला लागतात, हिरवे-पिवळे त्यांच्या मागोमाग, आणि तांबडे अगदी शेवटपर्यंत बसून राहतात. दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा उजेडाला हवेचा जेमतेम एक थर ओलांडायचा असतो. प्रवास छोटा, म्हणून जवळजवळ सगळेच रंग मुक्कामाला पोचतात आणि ऊन पांढरं दिसतं. सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो तेव्हा हाच उजेड तिरका येतो आणि त्याला दुपारच्या जवळजवळ ४० पट हवा ओलांडावी लागते. एवढ्या लांबच्या गाडीतून शेवटी नारिंगी आणि तांबडे तेवढे उतरतात.

घरी बघायचं असेल तर काचेच्या पेल्यात पाणी घ्या, दुधाचे चार-पाच थेंब टाका, खोलीत अंधार करा आणि एका बाजूने फोनचा टॉर्च लावा. बाजूने बघितलं की पाणी किंचित निळसर दिसतं, आणि पेल्याच्या पलीकडून थेट टॉर्चकडे बघितलं की पिवळट-नारिंगी. माझ्या भाचीला मी हे दाखवलं तेव्हा ती पेल्याभोवती फेऱ्याच मारत राहिली. एकाच पेल्यात दुपार आणि पहाट दोन्ही होत्या.

## ढगाला स्वतःचा रंग नसतो

ढगातले पाण्याचे थेंब साधारण १० ते २० मायक्रोमीटरचे असतात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. पण उजेडाच्या लहरींच्या मानाने ते फार मोठे असतात, आणि एवढे मोठे कण रंगांत भेदभाव करत नाहीत. निळा असो की तांबडा, सगळ्यांना सारखंच विखुरतात. म्हणून ढग पांढरा दिसतो. फार जाड झाला की उजेड आरपार येत नाही आणि ढगाचं पोट करडं दिसतं, एवढंच. महाबळेश्वरला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. पावसाळ्यात तिथे ढग थेट जमिनीवर उतरतात, त्यामुळे असे थेंब विमान न उडवता मोजता येतात.

लग्नाच्या मांडवात केशरी कापडाखाली बसलेल्या आजोबांची पांढरी टोपी केशरी दिसते. टोपी बदललेली नसते, तिच्यावर पडणारा उजेड गाळून आलेला असतो. पहाटेचा ढग म्हणजे ही टोपी. रंग हवेने गाळून तयार केलेला असतो आणि ढग तो फक्त आपल्यापर्यंत पोचवतो.

मग ढगाढगांत फरक कसला? उंचीचा आणि जाडीचा. त्यातही उंचीचा जास्त.

## तुमच्या ढगावर दुसऱ्या गावाचा सूर्योदय

डोंगराच्या माथ्यावर ऊन आधी पडतं आणि पायथ्याला नंतर, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ढगांचंही तसंच, फक्त हा डोंगर फार उंच. पृथ्वी गोल असल्यामुळे, आपल्या दृष्टीने सूर्य अजून क्षितिजाखाली असतो तेव्हा १० किलोमीटर उंचीवरच्या ढगाला तो दिसायला लागलेला असतो. आपल्या अक्षांशावर असा उंच ढग डोक्यावर असेल तर सूर्योदयाच्या साधारण तेरा-चौदा मिनिटं आधी त्याला उजेड लागतो. पाच किलोमीटरवरच्या ढगाला साधारण दहा मिनिटं आधी, आणि एक किलोमीटरवरच्या ढगाला जेमतेम पाच मिनिटं आधी.

हा उजेड ढगाला खालून लागतो. तो पूर्वेकडून येतो, वाटेत कुठेतरी जमिनीला जवळजवळ घासतो आणि मग पुन्हा वर चढत ढगाच्या पोटावर पडतो. म्हणजे दाट हवेतून एकदा उतरण आणि एकदा चढण, असा दुहेरी प्रवास. एसटी नेहमीच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे गेली. त्यामुळेच सूर्योदयाआधी उंच ढग जेवढे लाल होतात तेवढा लाल खुद्द उगवता सूर्यही क्वचितच असतो.

उजेड जमिनीला घासतो कुठे? १० किलोमीटर उंचीच्या ढगासाठी ही जागा साधारण ३५० किलोमीटर पूर्वेला येते. ऑक्टोबरच्या मध्यात पुण्याहून सूर्य उगवतो त्या दिशेने एवढं अंतर मोजलं तर आपण निलंगा-भालकीच्या पट्ट्यात पोचतो. सूर्याचा किरण जमिनीला घासून जातो म्हणजे तिथल्या माणसाला त्या क्षणी सूर्य क्षितिजावर दिसत असतो. पुण्याच्या डोक्यावरचा तो गुलाल म्हणजे त्या पट्ट्यातला सूर्योदय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नकाशा काढून बसले होते.

आणि आमचे काका निलंग्याजवळच्याच गावचे. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी तिथेच गच्चीवरून भावाला फोन लावला.

“काय रे, आभाळ कसं हाय तिकडं?”

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. “लख्ख हाय की. दिवस निघायलाय.”

“आन काल?”

“काल गच्च होतं. रात्रभर इजा चमकायल्या, पाऊस पडला की चांगला.”

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या भावानेच दिलं. आदल्या दिवशीही पुण्यावर असेच पातळ उंच ढग होते, पण तिकडच्या पावसाच्या उंच ढगांनी पूर्वेचा दरवाजा लावून घेतला होता. पडदा होता, उजेड पोचला नाही.

ही जागा ऋतूनुसार सरकते. डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडे उगवतो तेव्हा पुण्यासाठी ती कलबुर्गीच्या आसपास जाते, जूनमध्ये हिंगोलीकडे. दिवस-रात्र सारखी असते तेव्हा मुंबईकरांनी माजलगावच्या आभाळाची चौकशी करावी आणि नागपूरकरांनी रायपूरच्याही पुढची.

## पिंजलेला कापूस आणि वाळूवरच्या लाटा

ढगांना आज वापरात असलेली नावं मुळात लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या औषधं बनवणाऱ्या माणसाने १८०२ साली एका व्याख्यानात सुचवली. लॅटिन शब्दांवरून त्याने केसासारखे, राशीसारखे आणि थरासारखे अशी वर्गवारी केली. मराठीत त्यांना तंतुमेघ, राशिमेघ आणि स्तरमेघ म्हणतात. आज जागतिक हवामान संघटनेच्या यादीत ढगांचे दहा मुख्य प्रकार आहेत. पहाटेच्या रंगांसाठी सगळे सारखे महत्त्वाचे नाहीत, म्हणून मीही सगळ्यांना सारखी जागा देणार नाही.

तंतुमेघ, म्हणजे सिरस, हे या खेळातले राजे. विमानं उडतात त्या उंचीवर किंवा त्याच्याही वर, बर्फाच्या बारीक स्फटिकांचे बनलेले. आपल्याला पिंजलेल्या कापसाचे धागे दिसतात ते खरं तर खाली पडत जाणाऱ्या स्फटिकांचे माग असतात, वाऱ्याने वाकवलेले. हे ढग इतके विरळ असतात की उजेड धाग्याधाग्यातून आरपार जातो आणि प्रत्येक धागा वेगळा उजळतो. शिवाय धुळीचा मुख्य थर जमिनीपासून एक-दोन किलोमीटरपर्यंत असतो. सिरसला लागणाऱ्या उजेडातला बराचसा भाग या थराच्या वरून निसटून येतो, त्यामुळे रंग मळत नाही. आधी गडद लाल, मग शेंदरी, मग हळदीसारखा पिवळा आणि शेवटी पांढरा, असा क्रम दहा-पंधरा मिनिटांत पुरा होतो. संध्याकाळी हाच क्रम उलटा लागतो. उशिरा उठणाऱ्यांचं पहाटे नुकसान होतं ते म्हणूनच, सगळ्यात गडद रंग सगळ्यात आधी येऊन गेलेला असतो.

ऑक्टोबरात आणि मे महिन्यात पहाटे दिसणारे हे धागे पुष्कळदा आदल्या संध्याकाळच्या वादळाचे उरलेले असतात. वळवाचा ढग वाढत वाढत इतका वर जातो की पुढे चढायला वाव राहत नाही, आणि त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. खालचा ढग बरसून विरून जातो. ऐरण मात्र रात्रभर तरंगत राहते आणि पहाटे रंगाला सापडते.

सिरसचाच एक भाऊ म्हणजे आभाळभर पसरलेला दुधी पापुद्रा, ज्याच्यामुळे चंद्राला किंवा सूर्याला खळं पडतं. यात धागे नसतात, त्यामुळे नक्षी दिसत नाही. सगळं आभाळ एकसारखं सौम्य गुलाबी होतं आणि भिंतींवर, पानांवर, समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरही तोच रंग उतरतो.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो मधल्या उंचीचा खवल्याखवल्यांचा ढग. आपल्याकडे हा साधारण दोन ते आठ किलोमीटरच्या पट्ट्यात असतो. इंग्रजी नाव आल्टोक्युम्युलस, पण आपण त्याला मेंढरांचा कळप म्हटलं तरी चालेल, दिसतो अगदी तसाच. ओहोटीनंतर किनाऱ्यावरच्या वाळूत ज्या बारीक लाटा उमटतात, तशाच लाटा कधीकधी त्याच्यात असतात. उजेड खालून आणि तिरका येत असल्यामुळे लाटेची सूर्याकडची कड पेटते आणि मागची बाजू करडी-निळी राहते. कड, सावली, कड, सावली, असं आभाळभर. त्या ऑक्टोबरच्या पहाटे सहा चौदाला वरचे सिरसचे धागे लाल झाले. सहा अठराच्या सुमारास ते नारिंगी व्हायला लागले, तेवढ्यात त्यांच्या खालच्या खवल्यांनी लाल रंग घेतला. पाच-सहा मिनिटं वर सोनं आणि खाली कुंकू असे दोन मजले स्पष्ट दिसत होते. कुठला ढग उंच आणि कुठला खाली, हे एरवी जमिनीवरून ओळखणं अवघड असतं. पहाटे रंगच ते सांगतो. जो आधी पेटला तो वरचा.

मळभाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आभाळभर पसरलेला जाड थर असला की उजेड वरच अडतो आणि करड्याचं फिकट करडं होत दिवस उजाडतो. पावसाळ्यातले आपले बहुतेक दिवस असेच जातात. एकच अपवाद आहे. मळभाची पूर्वेकडची कड उघडी असेल, क्षितिजाशी बोटभर फट असेल, तर तेवढ्यातून उजेड शिरतो आणि सगळ्या थराचं पोट खालून तांब्याच्या परातीसारखं चमकतं. हे दोन-चार मिनिटंच टिकतं. सूर्य फटीच्या वर सरकला की दिवा मालवल्यासारखं सगळं पुन्हा करडं.

राशिमेघ, म्हणजे आपले नेहमीचे कापसाच्या ढिगासारखे ढग, पहाटे कमीच असतात, कारण ते जमीन तापल्यावर तयार होतात. असले तरी धुळीच्या थरातच बसलेले असल्यामुळे त्यांच्यावरचा रंग जरा मळकट येतो. क्षितिजापलीकडे मोठा पावसाचा ढग उभा असेल तर मात्र त्याची सावली गुलाबी आभाळावर निळसर पट्ट्यांसारखी पसरते, पंखा उघडावा तशी. ढग तेलंगणात उभा आणि सावली आपल्या डोक्यावर.

## मग गुलाबी आणि जांभळा कुठून येतो?

इंद्रधनुष्यात गुलाबी रंग नसतो, तरी पहाटेचे ढग गुलाबी दिसतात. ढगावरून आपल्याकडे येतो तो तांबडा उजेडच. पण ढग आणि आपण यांच्यामधल्या कित्येक किलोमीटर हवेतून विखुरलेला निळाही आपल्या डोळ्यांत शिरतो. तांबड्यात थोडा निळा-पांढरा मिसळला की गुलाबी, जास्त मिसळला की जांभळा. ऑक्टोबर २०१९ मध्ये हगिबिस चक्रीवादळ धडकण्याआधी जपानमध्ये आभाळ जांभळं झालं आणि ते फोटो जगभर गेले. त्यामागेही हेच मिश्रण. मोठ्या वादळाच्या माथ्यावरून उंच ढग शेकडो किलोमीटर पसरतात, म्हणून वादळ दूर असताना आभाळ रंगू शकतं. पण उलट अर्थ काढता येत नाही. रंगलेल्या बहुतेक पहाटांच्या मागे कुठलंच वादळ नसतं, आणि भूकंपाशी तर या रंगांचा काहीच संबंध नाही.

## ढगच नसले तर?

तरी रंग येतात, पण क्षितिजाशीच. खाली नारिंगी, त्यावर पिवळा, मग अगदी हलका हिरवट आणि वर निळा. डोक्यावरची हवा स्वच्छ असेल तर उजेड परतवायला तिथे काही नसतं.

अशा पहाटे मी पाठ फिरवून पश्चिमेकडे बघते. सूर्योदयाच्या थोडं आधी तिकडे क्षितिजाला टेकून एक गडद निळा-करडा पट्टा असतो आणि त्यावर फिकट गुलाबी पट्टा. पुष्कळांना ते धुकं वाटतं. ती पृथ्वीची सावली असते, हवेवर पडलेली. सूर्य वर येतो तशी ती खाली सरकत जाते आणि बघता बघता क्षितिजात बुडते.

## रंग प्रदूषणामुळे येतात म्हणतात, ते?

हा समज फार पक्का बसलाय. थंडीत शहराच्या धुरकटात सूर्य लालभडक गोळ्यासारखा उगवतो, त्यामुळे तो खराही वाटतो. पण त्या सकाळी सूर्य सोडून आजूबाजूला बघा. आभाळ मळकट, करडं-तपकिरी असतं. शहरातल्या धुळीचे आणि धुराचे पुष्कळसे कण आकाराने मोठे आणि वेगवेगळ्या मापांचे असतात. ते सगळेच रंग विखुरतात आणि काही उजेड गिळूनही टाकतात. चित्रावर पांढरा-करडा हात फिरवावा तसं होतं. अमेरिकेतले हवामानतज्ज्ञ स्टीफन कॉर्फिडी यांनी हे मुद्दाम लिहून ठेवलंय की झगझगीत रंगांसाठी स्वच्छ हवा लागते. आपल्याकडे पावसाने धुतलेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हवेत सगळ्यात सुंदर पहाटा येतात, हे त्याच्याशी जुळतं.

ज्वालामुखीचं मात्र वेगळं. इंडोनेशियातला क्राकाटोआ ऑगस्ट १८८३ मध्ये फुटला, त्यानंतर कित्येक महिने जगभर सकाळ-संध्याकाळची आभाळं पेटल्यासारखी दिसत होती. त्याच सप्टेंबरात मद्रास आणि सिलोनमध्ये सूर्य चक्क हिरवट दिसल्याच्या नोंदी आहेत. ज्वालामुखीतून गेलेले कण ढगांच्याही वर पोचतात, बारीक आणि बऱ्यापैकी एकाच मापाचे असतात, आणि पाऊस त्यांना धुऊन काढू शकत नाही. त्यांचाच एक उंच, पातळ पडदा तयार होतो. नाक्यावरच्या धुराला हे जमत नाही.

## फोटोत दिसतं तेवढं लाल खरंच असतं का?

कधी जास्त, कधी कमी. काही फोन रंग आपोआप भडक करतात. पण उलटही होतं. सगळं दृश्य लाल दिसलं की फोनला वाटतं उजेडात दोष आहे, आणि तो लाली कमी करून टाकतो. म्हणूनच “प्रत्यक्षात याहून छान होतं” ही तक्रार पुष्कळदा खरी असते. फोटो काढताना आभाळाच्या उजळ भागावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा, आणि रंगाचं सेटिंग आपोआप न ठेवता दिवसाच्या उन्हाचं ठेवा. सूर्य वर आल्यावर मात्र त्याच्याकडे थेट टक लावू नका, दुर्बिणीतून तर अजिबातच नको.

## तांबडं आभाळ म्हणजे पाऊस?

पहाटेचं लाल आभाळ म्हणजे खराब हवा आणि संध्याकाळचं लाल आभाळ म्हणजे चांगली हवा, हा ठोकताळा युरोपात फार जुना आहे. बायबलमध्येही तो येतो. तिथे त्याला आधार आहे. त्या पट्ट्यात हवामान पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. पहाटे पूर्व मोकळी आणि डोक्यावर ढग, म्हणजे चांगली हवा निघून गेली आणि ढग पश्चिमेकडून येतायत.

महाराष्ट्राला हा ठोकताळा जसाच्या तसा लावता येत नाही. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरचे कमी दाबाचे पट्टे आपल्याकडे पूर्वेकडून येतात आणि उंचावरचे वारेही पूर्वेकडूनच वाहतात. पूर्व मोकळी असेल तर आपल्यासाठी पुष्कळदा उघडीपच. थंडीत पश्चिमेकडून येणारे उंच ढग असतील तर तो थोडाफार लागू पडेल. पेरणीचा निर्णय त्यावर घेऊ नये.

## कोकणात पहाट वेगळी का वाटते?

कोकणात आणि गोव्यात सूर्य सह्याद्रीमागून वर येतो. पायथ्याच्या गावांत तर तो पंचवीस-तीस मिनिटं उशिरा दिसतो, आणि दिसतो तेव्हा लाल राहिलेला नसतो, पिवळा होऊन डोंगरावर चढलेला असतो. पण ढगांना सह्याद्री आडवा येत नाही, ते वर असतात. त्यामुळे कोकणातल्या माणसाने पहाटेचे रंग बघायचे ते सूर्यात नाही, डोक्यावरच्या आणि समुद्रावरच्या ढगांत.

घाटमाथ्यावर उलटी मजा. पावसाळ्याच्या शेवटी गडावर मुक्काम केला असेल तर पहाटे सगळी दरी ढगांनी काठोकाठ भरलेली असते. खाली गावात त्याच ढगाला लोक मळभ किंवा धुकं म्हणत असतात. आपण त्याच्या वर असल्यामुळे त्याच पांढऱ्या पाठीवर आपल्याला गुलाबी ऊन सरकताना दिसतं.

## आधी अंदाज बांधता येतो का?

बऱ्यापैकी. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहांची चित्रं दर अर्ध्या तासाला येतात. पहाटे पाचचं अवरक्त चित्र उघडा, म्हणजे उष्णतेवरून काढलेलं, जे अंधारातही दिसतं. त्यात ढग जितका उंच आणि थंड तितका तो पांढरा. आपल्या गावावर पातळ, विरळ पांढुरकेपणा असेल आणि पूर्वेला तीनशे-चारशे किलोमीटरपर्यंत आणि त्याच्याही पुढे चित्र काळं, मोकळं असेल, तर गच्चीवर जायला हरकत नाही. पूर्वेला चुनखडीसारखे पांढरे गोळे दिसले तर पुन्हा झोपा. जमिनीलगतचं धुकं आणि खालचे ढग मात्र या चित्रात नीट ओळखू येत नाहीत, कारण ते जमिनीइतकेच उबदार असतात. उंच ढगांच्या रंगाला त्यांनी फारसा फरक पडत नाही, पण तुम्हीच धुक्यात उभे असाल तर वरचं काही दिसणार नाही.

आमचे काका उपग्रहाचं चित्र बघत नाहीत. त्यांची पद्धत वेगळी आहे. परवा पहाटे गच्चीवर आले आणि टाकीचं झाकण उघडायच्या आधीच म्हणाले, “ताई, आत्ताच भावाला फोन लावला. तिकडं गच्च आलंय. आज काय नाही.” मी वर बघितलं. सिरसचे सुरेख धागे डोक्यावरून पार पश्चिमेपर्यंत गेले होते. आम्ही दोघं तरी थांबलो. सूर्य वर येईपर्यंत ते धागे करडेच राहिले, आणि मग एकदम पांढरे झाले.